आर्थरचा आर्तू होतो तेव्हा

एका मुलीचा एका शूर सरदारावर जीव जडतो. तो आधीच राणीत गुंतलेला, त्यामुळे हिच्याकडे वळूनही पाहत नाही. मुलगी झुरून मरते. मरण्याआधी सांगून ठेवते, की माझा देह सजवून नावेत ठेवा. नावेला शीड नको, वल्हं नको, सोबतीला माणूस नको. नाव समुद्रात सोडून द्या. लाटा ती नाव राजाच्या गडापाशी आणून लावतात. मुलीच्या थैलीत एक पत्र सापडतं आणि भर दरबारात तिच्या मरणाचं कारण वाचलं जातं.

गोष्ट एवढीच, जेमतेम पानभर. तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्सच्या परिसरात जुळवलेल्या ‘नोवेल्लीनो’ या छोट्या छोट्या गोष्टींच्या संग्रहात ती आहे. मी इटालियनमधून मराठीत भाषांतर करते आणि सध्या हाच संग्रह माझ्या टेबलावर आहे. या गोष्टीतल्या नावांवरून माझा आणि संपादकांचा वाद चालू आहे. ते म्हणतात, मराठी वाचकाला आर्थर राजाचा लान्सलॉट ठाऊक आहे, मग सरळ लान्सलॉट लिहा. पण पुस्तकात लिहिलंय लांचालोत्तो. मला तेच ठेवायचं आहे. का, ते नीट सांगायचं तर ही नावं फ्रेंचमधून इटालियनमध्ये कशी उतरली तिथपासून सुरुवात करावी लागेल.

या मुलीपासूनच सुरुवात करू. आर्थर राजाच्या कथा मूळच्या ब्रिटनमधल्या, वेल्स आणि कॉर्नवॉल भागातल्या. पण युरोपभर त्या पसरल्या फ्रेंचमधून. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्रुआ या कवीने त्यांची काव्यं रचली. पुढे साधारण 1215 ते 1235 या काळात लान्सलॉट आणि पवित्र पात्राच्या शोधाची प्रचंड गद्यमाला तयार झाली. तिच्या शेवटच्या भागात ही मुलगी येते. ती ‘एस्कालोत’ गावची. इटालियन गोष्टीत मात्र ती ‘स्कालोत’ची होते. सुरुवातीचा ‘ए’ गळून गेला.

हा ‘ए’ गळण्यामागे एक साधं कारण आहे. लॅटिनमधल्या ‘स’ने सुरू होणाऱ्या जोडाक्षरांआधी फ्रेंचने एक ‘ए’ लावून घेतला होता, इटालियनने तो लावला नाही. लॅटिन ‘स्कोला’ म्हणजे शाळा. जुन्या फ्रेंचमध्ये ती ‘एस्कोल’ झाली, इटालियनमध्ये ‘स्कुओला’. तलवार फ्रेंचमध्ये ‘एस्पे’, इटालियनमध्ये ‘स्पादा’. तारा ‘एस्तोइल’, इकडे ‘स्तेल्ला’. दोन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या माणसाला ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की ‘एस्कालोत’ समोर आल्यावर त्याने फार विचार केला असेल असं मला वाटत नाही. जिभेनेच ते काम केलं.

आणि त्या एका अक्षराचा प्रवास बघा. पाचशेहून अधिक वर्षांनी टेनिसनने ही इटालियन गोष्ट उचलली आणि 1832 मध्ये ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ ही कविता छापली. आपल्याकडे इंग्रजी साहित्य शिकलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांना ही कविता माहीत आहे. इंग्रजीत मॅलरीने पंधराव्या शतकातच ही कथा लिहिली होती, पण त्याच्याकडे गावाचं नाव ‘अॅस्टोलॅट’ आहे. ‘शॅलॉट’ हे रूप इंग्रज परंपरेतलं नव्हेच, ते ‘स्कालोत’वरून आलं. एका इटालियन कथाकाराच्या जिभेची सवय इंग्रजीतल्या सर्वांत गाजलेल्या कवितांपैकी एकीच्या नावात जाऊन बसली.

बाकीची नावंही अशाच ठरलेल्या वाटांनी आली. आज फ्रेंच माणूस ‘लांस्लो’ म्हणतो, पण तेराव्या शतकात शेवटचा ‘त’ अजून ऐकू येत होता. इटालियन शब्दाला शेवटी स्वर लागतो. फ्रेंच ‘ओत’ला इटालियनमध्ये ‘ओत्तो’ हा सख्खा भाऊ होताच. म्हणून लांचालोत्तो, लांचिलोत्तो, पुढे लांचिल्लोत्तो. त्यात ‘लांचा’ म्हणजे भाला, हेही आयतंच जमून गेलं. ऐकणाऱ्याला नावातच भालाईत दिसला. त्रिस्ताँचा त्रिस्तानो झाला. मेर्लँ झाला मेर्लीनो. त्रिस्ताँची प्रेयसी इझू, तिला स्त्रीलिंगी ‘आ’ मिळाला आणि ती इझोत्ता झाली. पवित्र पात्र ज्याला गवसतं तो गालाद, त्याला तोस्कानातल्या ‘ताव्होला रितोंदा’ या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात गालास्सो म्हटलं आहे. ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘गोल मेज’.

गोवँचा किस्सा मला विशेष आवडतो. आर्थरचा हा भाचा इटालियनमध्ये गाल्वानो होतो. मधला ‘ल’ आला कुठून? लॅटिनमधला व्यंजनाआधीचा ‘ल’ फ्रेंचमध्ये विरघळून ‘उ’ झाला होता. त्यामुळे पहाट फ्रेंचमध्ये ‘ओब’ आणि इटालियनमध्ये ‘आल्बा’, गरम म्हणजे ‘शो’ आणि इकडे ‘काल्दो’. गोवँच्या नावाच्या जुन्या लॅटिन रूपांतही हा ‘ल’ होता. फ्रेंचने गमावलेला वर्ण इटालियनमध्ये शाबूत आहे.

खुद्द राजाच्या नावापुढे दोन रस्ते होते. फ्रेंचमध्ये तो आर्त्यूस. शेवटचा ‘स’ इटालियनला नको होता. एक तर तो टाकायचा आणि उरलेल्या स्वरावर सगळा जोर द्यायचा, म्हणजे आर्तू. नाही तर ‘स’ ठेवून पुढे स्वर जोडायचा, म्हणजे आर्तूझिओ. राजा आर्तू झाला, दांतेने नरकाच्या बत्तिसाव्या सर्गात त्याचं यमक ‘प्यू’ या शब्दाशी जुळवलं. आर्तूझिओ हे रूप मात्र साध्या माणसांच्या वाट्याला आलं. 1891 मध्ये इटालियन घरगुती स्वयंपाकाचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे पेल्लेग्रीनो आर्तूझी, त्यांचं आडनाव याच नावाच्या कुळातलं मानलं जातं.

आवाजाने तोललेली ही नावं आवाजाने उतरली. पण जिथे नावाला उघड अर्थ होता, तिथे अर्थ उतरवला गेला. त्रिस्ताँच्या कथेतल्या दुसऱ्या इझूला फ्रेंचमध्ये गोऱ्या हातांची म्हणतात, इटालियनमध्ये ती ‘इझोत्ता दाल्ले ब्यांके मानी’ होते, अर्थ अगदी तोच. लान्सलॉटचा किल्ला ‘आनंदगड’ म्हणावा असा, तो ‘जोयोझा ग्वार्दिया’ झाला. आणि मग ‘नोवेल्लीनो’तला तो कथाकार ‘लांचालोत्तो दे लाक’ असं लिहितो! नाव इटालियन, आणि ‘सरोवराचा’ हे बिरुद अर्धं फ्रेंचच. इटालियन शब्द ‘लागो’ त्याला माहीत नव्हता असं कोण म्हणेल? मला वाटतं, ‘दे लाक’ हे त्याच्या श्रोत्यांच्या कानात आधीच बसलं होतं. बदललं असतं तर तो दुसराच कुणी सरदार वाटला असता.

श्रोते म्हणण्याचं कारण आहे. ही नावं केवळ पोथीत राहिली नाहीत. चौदाव्या शतकात इटलीच्या चौकांत ‘कांतारी’ नावाची कथाकाव्यं गाऊन सांगत. आठ ओळींचं कडवं, प्रत्येक ओळीला यमक. इटालियन ओळ बहुधा अशा शब्दावर टेकते ज्याच्या शेवटून दुसऱ्या स्वरावर आघात असतो. त्रिस्ताँ हे फ्रेंच नाव त्या ओळीच्या टोकाला अडखळलं असतं. त्रिस्तानो मात्र चपखल बसतो, कारण ‘मानो’ म्हणजे हात, ‘लोन्तानो’ म्हणजे दूर, ‘इन्व्हानो’ म्हणजे व्यर्थ. प्रेमकथा गाणाऱ्याला याहून सोयीची यमकं कुठली? आपल्या कीर्तनकारांना आणि शाहिरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नाव गळ्यातून नीट निघालं नाही तर कथा पुढे सरकत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फ्रेंच पुस्तक आलं, मग इटालियन माणसाने भाषांतर केलं, मग नावं बदलली, असा सरळ क्रम नव्हता. मोदेना शहराच्या कॅथेड्रलला उत्तरेकडे एक दार आहे, मासळीबाजाराकडचं म्हणून ‘पोर्ता देल्ला पेस्केरिया’. त्याच्या कमानीवर घोडेस्वार कोरलेले आहेत. मध्ये एक किल्ला, किल्ल्यात एक स्त्री, दोन्ही बाजूंनी तिला सोडवायला धावलेले वीर, आणि बहुतेकांच्या डोक्यावर त्यांची नावं: आर्तुस दे ब्रेतानिया, गाल्वागिनुस, के. स्त्रीचं नाव विन्लोगे. हीच पुढची जिनेव्रा, आपण इंग्रजीतून ओळखतो ती ग्विनिव्हिअर. काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण बहुतेक जण हे काम बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं मानतात. म्हणजे क्रेतियाँने लेखणी उचलण्याच्या कितीतरी आधी. विन्लोगे हे रूप ब्रेतान प्रांताच्या बोलीच्या वळणाचं आहे. कुणा भटक्या कथेकऱ्याच्या तोंडून ते आलं असावं आणि पाथरवटाने ऐकलं तसं कोरलं असावं. पिओ राय्ना या अभ्यासकाने 1888 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उत्तर इटलीच्या बाराव्या शतकातल्या खरेदीखतांत आणि दानपत्रांत आर्तूझिओ आणि गाल्वानो नावाचे साक्षीदार सापडतात. कुणा आईबापांनी मुलाचं नाव आर्थर ठेवलं होतं, आणि तेव्हा फ्रेंच महाग्रंथ लिहिलेही गेले नव्हते.

शिवाय अनेक इटालियन स्वतःच फ्रेंच लिहीत होते. पिसाचा रुस्तिकेल्लो हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याने आर्थरकथांचं मोठं संकलन फ्रेंचमध्ये केलं, आणि इंग्लंडचा एडवर्ड (पुढे राजा झालेला पहिला एडवर्ड) पवित्र भूमीकडे जात असताना त्याच्याजवळच्या पुस्तकावरून आपण ते केल्याचं तो सांगतो. 1284 मध्ये मेलोरियाच्या समुद्रयुद्धात जेनोवाने पिसाला धूळ चारली. हजारो पिसावासी जेनोवाच्या तुरुंगात गेले. फ्रेंच आर्थरकथांची कितीतरी हस्तलिखितं त्याच कैद्यांच्या हातची असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. 1298 मध्ये रुस्तिकेल्लो त्याच तुरुंगात होता आणि तिथे त्याला भेटला मार्को पोलो. पोलोने प्रवास सांगितला, रुस्तिकेल्लोने तो आपल्या इटालियन वळणाच्या फ्रेंचमध्ये उतरवला. राजे, सरदार आणि सर्व लोकहो, ऐका अशी सुरुवातीची हाक त्याने आपल्या आर्थर-संकलनातून जवळजवळ जशीच्या तशी उचलून वापरली. या प्रवासवर्णनात ‘ताना’ राज्यावर एक प्रकरण आहे. तिथला तपकिरी ऊद, कमावलेलं कातडं, सुती कापड, आणि राजाशी संगनमत करून जहाजं लुटणारे चाचे. ताना म्हणजे आपलं ठाणं. लान्सलॉट आणि त्रिस्तान लिहिणाऱ्या हातानेच ठाण्याचं हे वर्णन लिहिलं आहे.

आता त्या नावाकडे येते ज्याच्यासाठी मी एवढी हट्टाने बसले आहे. गालओ हा दूरच्या बेटांचा स्वामी, लान्सलॉटचा जिवलग मित्र. फ्रेंच कथेत राणी आणि लान्सलॉट यांची पहिली भेट तोच जुळवतो, पहिलं चुंबन त्याच्याच साक्षीने होतं. हस्तलिखितांत त्याचं नाव ‘गालेहोत’ असंही येतं, त्यामुळे इटालियनमध्ये तो गालेओत्तो झाला. दांतेच्या नरकात, पाचव्या सर्गात, वादळात फिरत राहणारी फ्रांचेस्का दा रिमिनी आपली कहाणी सांगते. दीर पाओलोबरोबर ती हीच कथा वाचत होती. चुंबनाच्या जागी आली आणि दोघांचं वाचन थांबलं. तिच्या नवऱ्याने दोघांनाही मारून टाकलं. फ्रांचेस्का म्हणते की आमच्यासाठी ते पुस्तकच गालेओत्तो ठरलं, आणि लिहिणाराही. त्या क्षणी माणसाच्या नावाचा सामान्य शब्द झाला. आजही इटालियनमध्ये दोन प्रेमिकांना जवळ आणणाऱ्या माणसाला, वस्तूला, प्रसंगाला गालेओत्तो म्हणतात. आपल्याकडे ‘कळीचा नारद’ झाला तसंच हे, फरक इतकाच की नारद भांडण लावतो. बोक्काच्चोने आपल्या ‘देकामेरोन’ला ‘राजपुत्र गालेओत्तो’ असं दुसरं नाव दिलं, ते दांते समोर ठेवूनच.

योगायोग असा की ‘गालेओत्तो’ हा आणखी एक शब्द इटालियनमध्ये आहे, गलबतावर वल्ही मारणाऱ्या कैद्यासाठी. तो ‘गालेआ’ या जहाजावरून आला, सरदाराशी त्याचा संबंध नाही. पण एकच ध्वनी कैद्याचाही आणि मध्यस्थाचाही, आणि हा शब्द उच्चारणारी फ्रांचेस्का कायमची वादळात जखडलेली. हे दांतेच्या मनात होतं का, ते मी सांगू शकत नाही. इटालियन वाचकाच्या कानात मात्र ते वाजतं. मी तिथे ‘गॅलहॉट’ लिहिलं तर ते सगळं मरतं.

पंधराव्या शतकात ही नावं दरबारात पोहोचली. फेर्राराच्या एस्ते घराण्यात निक्कोलो तिसरा याने आपल्या मुलांची नावं ठेवली लेओनेल्लो, बोर्सो, मेलिआदूझे, गुरोने, आणि मुलींची जिनेव्रा, इझोत्ता. मेलिआदूझे म्हणजे त्रिस्तानचा बाप मेलियादूस, गुरोने म्हणजे याच कथांतला सरदार गिरों. आणि पहिली दोन बघा: फ्रेंच कथेत लिओनेल आणि बोओर हे सख्खे भाऊ, लान्सलॉटचे चुलतभाऊ. फेर्रारात लेओनेल्लो आणि बोर्सो हेही सख्खे भाऊ, एकामागोमाग एक गादीवर बसले. हा बोर्सो पुढे फेर्राराचा पहिला ड्यूक झाला. त्याचं एक पत्र आहे, गोल मेजाच्या कथांची फ्रेंच पुस्तकं मिळतील तेवढी पाठवा, एखादं शहर मिळाल्याहून जास्त आनंद होईल, अशा आशयाचं. ज्या माणसाचं नावच त्या कथेतून आलं, त्याने ते लिहावं यात मला काही नवल वाटत नाही. वेरोनात याच शतकात दोन विदुषी बहिणी होत्या, इझोत्ता आणि जिनेव्रा नोगारोला. त्रिस्तानची प्रेयसी आणि लान्सलॉटची राणी एकाच घरात, लॅटिनचा अभ्यास करत.

सगळ्यांनी नावं बदलली असंही नाही. मांतोव्हाच्या राजवाड्यात पिझानेल्लोने रंगवलेल्या भिंतीवर याच बोओरच्या कथेतल्या सरदारांची नावं फ्रेंचमध्येच लिहिलेली आहेत. दरबारी माणसाला फ्रेंच मिरवायचं होतं, चौकातल्या माणसाला गोष्ट आपली करायची होती. माझा जीव चौकाकडे आहे.

कारण टिकलं ते चौकातलंच. जिनेव्रा हे नाव अलीकडे इटलीत मुलींच्या सर्वाधिक ठेवल्या जाणाऱ्या पहिल्या दहा नावांत आहे. मेस्सीनाच्या सामुद्रधुनीत हवेत तरंगणारे महाल दिसतात, त्या आभासाला आर्थरच्या जादूगार बहिणीचं नाव मिळालं, ‘फाता मोर्गाना’. गाल्वानो नावावरून गाल्वानी हे आडनाव आलं, असं आडनावांचे अभ्यासक मानतात. बोलोन्याच्या लुईजी गाल्वानी यांनी अठराव्या शतकात बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग केले, त्यांच्या नावावरून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाला गॅल्व्हनाइज्ड म्हणू लागले. मराठी मुलखातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात आपण जी. आय. पाइप मागतो, तेव्हा त्यातला ‘जी’ आर्थरच्या भाच्यापर्यंत पोहोचतो. गोव्यात त्रिस्तानचं नाव पोर्तुगीज वाटेने आलं. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जाणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, त्यांचं पहिलं नाव तेच.

म्हणून संपादकांना माझं सांगणं असं आहे. आपण लान्सलॉट लिहितो ते काही मूळ रूप नव्हे. तो फ्रेंच नावाचा इंग्रजी उच्चार आहे, आणि तो आपल्याकडे आला तो आपण इंग्रजी शिकलो म्हणून. इटालियन पुस्तकाचं भाषांतर करताना तो घालायचा म्हणजे फ्लॉरेन्सच्या त्या कथाकाराला लंडनमार्गे मराठीत आणायचं. त्याने आपल्या लोकांसाठी जी नावं घडवली, ती त्याच्या गोष्टीचाच भाग आहेत. मराठी वाचक मेर्लीनो किंवा जिनेव्रा वाचून गोंधळेल, हे मला पटत नाही. रशियन कादंबऱ्यांतली तीन तीन पदरी नावं आपण मराठीत आवडीने वाचली आहेत.

हस्तलिखितात मी हे असं केलं आहे: नाव प्रत्येक गोष्टीत त्या पानावर जसं आहे तसं. एका ठिकाणी लांचालोत्तो आणि दुसऱ्या ग्रंथातल्या उताऱ्यात लांचिलोत्तो असेल, तर तसंच, एकसारखं करायचं नाही. ‘दे लाक’ला हात लावलेला नाही. ‘इझोत्ता दाल्ले ब्यांके मानी’ मात्र ‘गोऱ्या हातांची इझोत्ता’ केली आहे, कारण इटालियनांनीही तिथे अर्थच उतरवला होता. पुस्तकाच्या सुरुवातीला दोन पानांची पात्रसूची आहे, प्रत्येक नावापुढे फ्रेंच आणि इंग्रजी रूप. आर्तूचा ‘तू’ दीर्घ राहील याकडे लक्ष ठेवायला मुद्रितशोधकांना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, कारण सगळा आघात तिथेच आहे. संपादकांनी सूची मान्य केली आहे. लांचालोत्तोबद्दल त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.